सहावीतलं, बीजगणिताच्या आधीचं एक वर्ष

फळ्यावर ‘३क्ष + ५’ लिहून मी सातवीच्या वर्गाला विचारलं होतं, क्षची किंमत २ असेल तर या राशीची किंमत किती? संध्याकाळी वह्या घरी आणून तपासायला बसले. पहिल्या वहीत १६. दुसरीतही १६. तिसरीत ३७. सोळावाल्यांनी ३क्ष आणि ५ एकत्र करून आधी ८क्ष केलं होतं, मग आठ दुणे सोळा. सदतीसवाल्याने क्ष काढून त्या जागी २ ठेवला होता, म्हणजे झाले ३२, आणि त्यात ५ मिळवले होते. ११ उत्तर आलेल्या वह्या एका हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्याच होत्या. (पुस्तकात आणि फळ्यावर इंग्रजी एक्स असतो. इथे मी आपला जुना क्ष वापरते आहे.)

आमची शाळा चाळीसगाव तालुक्यात, जिल्हा परिषदेची, आठवीपर्यंतची. शेतात कापूस, घरात अहिराणी, शाळेत मराठी. त्या वर्गातला एक मुलगा मला सारखा विचारायचा, “मॅडम, क्ष म्हणजे कितला?” मी सांगायची, “ते अजून माहीत नाही.” तो म्हणायचा, “माहीत नाही तर लिहायचं कशाला?” मला त्याचा राग यायचा, कारण माझ्याकडे उत्तर नव्हतं.

माझी पहिली समजूत अशी झाली की पाया कच्चा आहे, म्हणजे पाढे कच्चे आहेत. मग दोन महिने पाढे घोकून घेतले, तोंडी बेरजा-वजाबाक्या घेतल्या. पाढे पक्के झाले, पण ३क्ष + ५ चं ८क्ष होणं काही थांबेना. तेव्हा कळलं की मुलं हिशेबात कमी पडत नाहीत. उलट त्यांना हिशेबाची इतकी सवय लागली आहे की अधिकचं चिन्ह दिसलं की ते मिटवल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. ‘३क्ष + ५’ हेच उत्तर असू शकतं, हे त्यांच्या मनाला पटतच नव्हतं. आणि पटणार तरी कसं? पहिलीपासून सहा वर्षं आम्हीच त्यांना शिकवलं होतं की चिन्ह उरलं म्हणजे गणित अर्धवट राहिलं.

पुढच्या जूनमध्ये मी सहावीचा वर्ग मागून घेतला. सहावीच्या पुस्तकात समीकरणे हा पाठ आहे, पण तो यायच्या आधी हातात काही महिने असतात. तेवढ्या वेळात अक्षर न वापरता काय काय करता येईल, ते मला बघायचं होतं.

पहिल्याच आठवड्यात एक गणित घातलं: ८ + ४ = □ + ५. मुलं कशी विचार करतात हे पाहण्यासाठी हे उदाहरण जगभर वापरलं जातं. बहुतेकांनी चौकटीत १२ लिहिले. काहींनी दिसेल ते सगळं मिळवून १७ लिहिले. सात फक्त चौघांनी लिहिले होते, आणि त्यांतल्या एकीने नंतर सगळ्यांचं बघून ते खोडून १२ केले.

त्या रात्री मी एकच शब्द घेऊन बसले. ‘८ + ४ = १२’ आपण वाचतो कसं? ‘आठ अधिक चार बरोबर बारा.’ आणि उत्तर तपासून खूण करताना मी काय म्हणते? ‘बरोबर!’ मुलाच्या कानाला दोन्हीकडे एकच शब्द ऐकू येतो. म्हणजे त्याच्या लेखी त्या दोन आडव्या रेघांचा अर्थ ‘आता यापुढे बरोबर उत्तर लिही’ असाच असणार. दुसऱ्या दिवशी मी ‘१२ = ७ + ५’ लिहिलं, तर दोघंतिघं म्हणाले, “मॅडम, उलटं लिहिलंय.” ‘९ = ९’ लिहिलं, तर वर्ग म्हणाला, “यात गणित कुठे आहे?”

त्याच आठवड्यात मी माझा स्वतःचा फळाही नीट पाहिला. नफ्याचं उदाहरण सोडवताना मी लिहिलं होतं: १२ × ४ = ४८ + ५ = ५३ − ३ = ५०. किती वर्षं असं लिहीत आले होते कुणास ठाऊक. १२ × ४ म्हणजे ५० नव्हेत. माझ्या हाताने मी रोज मुलांना सांगत होते की हे चिन्ह म्हणजे पुढे चला, एवढंच. त्या दिवसापासून प्रत्येक पायरी वेगळ्या ओळीवर लिहायची, असं मी स्वतःवर बंधन घातलं. सुरुवातीला खडू आपोआप पुढे जायचा. मुलंच ओरडायची, “मॅडम, तेवढंच नाहीये!”

‘तेवढंच’ हा शब्द आम्ही ठरवून घेतला होता. वर्गात ते चिन्ह मोठ्याने वाचताना ‘बरोबर’ म्हणायचं नाही, ‘तेवढंच’ म्हणायचं. आठ अधिक चार म्हणजे जेवढं, पाच अधिक किती म्हणजे तेवढंच? असं वाचलं की चौकटीत १२ लिहिणारा मुलगा स्वतःच थांबायचा. रॉबर्ट रेकॉर्ड नावाच्या वेल्श वैद्याने १५५७ साली हे चिन्ह पहिल्यांदा छापलं. सारख्या लांबीच्या दोन समांतर रेघांइतक्या एकमेकींसारख्या दुसऱ्या कोणत्या दोन गोष्टी असतील, असं त्याचं म्हणणं होतं. मुलांना हे इतकं आवडलं की वहीत पट्टीने मोजून दोन्ही रेघा सारख्या काढायला लागली.

परिपाठ झाला की रोज दहा मिनिटं ‘खरं की खोटं’ असायचं. एक वाक्य फळ्यावर लिहायचं, आणि अट एकच, बेरीज करायची नाही. ६७ + ८९ = ६८ + ८८. खरं की खोटं? पहिल्या दिवशी बोटं चालूच होती. तिसऱ्या-चौथ्या दिवशी खिडकीजवळची मुलगी उभी राहिली. म्हणाली, “एकोणनव्वदमधला एक सदुसष्टला दिला. घरातलं घरातच राहिलं.” हे तिचं वाक्य वर्षभर वर्गात वापरात होतं. मग मी वजाबाकी दिली: ६७ − ३९ = ६८ − ४०. सगळ्यांनी खोटं म्हणून सांगितलं, कारण दोन्हीकडे एक वाढला होता, घरातलं घरात राहिलं नव्हतं. वाद चांगला अर्धा तास चालला. शेवटी एक मुलगा म्हणाला, “मी आणि माझा भाऊ पुढच्या वर्षी दोघंही एकाने मोठे होऊ. आमच्यातलं अंतर कुठे बदलणार आहे?” मी काहीच बोलले नाही. त्याने बोललेलं मी समजावून सांगितलं असतं तर ते माझं झालं असतं.

बाजाराचं गणित या मुलांच्या अंगात असतं आणि आपण ते वर्गाच्या दाराबाहेर चपलांबरोबर ठेवून यायला लावतो. एका मुलीची आई भाजी विकते. मी तिला विचारलं, अठ्ठेचाळीस रुपये किलो, सहा किलो, तर आई काय करते? “पन्नास सक तीनशे, त्यातून बारा गेले.” बारा कुठून आले? “दर किलोला दोन सोडायचे होते ना, सहा वेळा.” मी फळ्यावर लिहिलं: ४८ × ६ = ५० × ६ − २ × ६. तिच्या तोंडचंच, फक्त लिहिलेलं. पुढे कंस सोडवताना मुलं आतल्या पहिल्याच पदाला गुणतात आणि दुसरं तसंच ठेवून देतात, तेव्हा मी एवढंच विचारते, “आईने एकाच किलोचे दोन सोडले का?”

चिन्हांच्या क्रमाचं प्रकरण मला सगळ्यात जड गेलं. आपण सगळे ‘कंचेभागुबेव’ म्हणत मोठे झालो. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. मुलांनी ते अक्षरशः पाळलं होतं. २० − ८ + ५ दिलं की बेरीज आधी म्हणून ८ + ५ = १३, आणि वीसातून तेरा गेले, सात. उत्तर १७ आहे. नियम पाळूनच चूक झाली होती, त्यामुळे ती चूक आहे हे पटवणं फार अवघड. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या अभ्यासकांनी सहावीच्या वयाच्या मुलांबरोबर याच विषयावर काम केलं आहे, आणि त्यांची एक युक्ती मी उचलली. राशीतलं प्रत्येक पद त्याच्या चिन्हासकट चौकटीत घालायचं. [+२०] [−८] [+५]. चिन्ह हे पुढच्या संख्येचं, तिच्या अंगावरचं. मग चौकटी कोणत्याही क्रमाने मांडा: [+५] [+२०] [−८]. उत्तर तेच. गुणाकार आला तर तो संपूर्ण एका चौकटीत: [+७] [+३ × ४]. त्यामुळे आधी ७ + ३ करायचा मोह आपसूक जातो, कारण तीन हा चारबरोबर एकाच खोलीत कोंडलेला असतो. कंचेभागुबेव मी बंद केलं नाही. पण चौकटी आधी आल्या आणि नियम नंतर.

तराजू मी गावातल्या किराणा दुकानातून मागून आणला, जुना, दांडीचा, दोन पारड्यांचा. टेबलावर टांगला तर रिकामाच एका बाजूला कलला. दुकानदाराचा मुलगा वर्गातच होता. तो उठला, बाहेरून एक लहानसा खडा आणला आणि वरच्या पारड्याला दोऱ्याने बांधला. “पासंग आहे मॅडम. आधी पासंग काढायचा, मग तोलायचं.” त्याची ही कृती मी विसरणार नाही. दोन्ही बाजू सारख्या आहेत याची खात्री तो आधी करत होता, आणि मगच कोणती वस्तू ठेवायची ते बघत होता. मग आम्ही एका पारड्यात तोंड बांधलेल्या दोन सारख्या पिशव्या आणि १०० ग्रॅमचं एक वजन ठेवलं, दुसऱ्यात ५०० ग्रॅम. पिशव्या फारच हलक्या कापडाच्या घेतल्या होत्या, म्हणजे वजन आतल्या गव्हाचंच. पिशवी न सोडता आत किती ते सांगायचं. दोन्हीकडून १०० उचलले, दांडी हलली आणि परत आडवी झाली. उरले ४००, दोन पिशव्यांचे. कुणीही ‘पलीकडे गेलं की चिन्ह बदलतं’ असं म्हटलं नाही, कारण काहीच पलीकडे गेलं नव्हतं. दोन्हीकडून तेवढंच काढलं होतं. मला स्वतःला शाळेत ते पलीकडे नेणं शिकवलं होतं आणि मी ते कितीतरी वर्षं तसंच पुढे दिलं. ४क्ष = २० मध्ये ४ पलीकडे नेऊन −४ करणारी मुलं त्यातूनच तयार होतात.

तराजूची एक मर्यादा लगेच समोर आली. ऋण संख्या पारड्यात ठेवता येत नाही. तिथे मी तराजू परत करून उधारीची वही घेतली. ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ मध्ये धन, ऋण आणि शून्य यांच्यावरच्या क्रियांचे नियम दिले, ते शब्दच मुळी पैशांचे आहेत. आपल्या भाषेत हे आयतं मिळालेलं असताना आपण मुलांना तापमानाचा पारा आणि समुद्रसपाटी दाखवत बसतो. आमच्या मुलांनी समुद्र पाहिलेला नाही, पण उधारी सगळ्यांना माहीत आहे. ५ − (−३) चे आठ का होतात? तीन रुपयांची उधारी आधीच वजा धरून हिशेबात पाच रुपये शिल्लक. दुकानदाराने ती उधारी खोडली. आता तुझ्याकडे किती? ऋण गुणिले ऋण मात्र या वहीत नीट बसत नाही. ते मी सातवीसाठी ठेवलं.

काड्यापेटीच्या काड्यांचे दोन तास मला वर्षातले सगळ्यात चांगले तास वाटतात. एका ओळीत चौकोन करायचे. एकाला ४ काड्या, दोनाला ७, तिनाला १०. शंभर चौकोनांना किती? काड्या तेवढ्या नव्हत्याच, म्हणून विचार करणं भाग होतं. एका गटाने सांगितलं, पहिली काडी उभी ठेवली, मग प्रत्येक चौकोनाला तीन. ३०१. दुसरा गट म्हणाला, पहिल्याला चार, उरलेल्या नव्व्याण्णवांना तीन-तीन. ३०१. तिसऱ्या गटाने वरच्या आडव्या शंभर, खालच्या आडव्या शंभर आणि उभ्या एकशे एक असं मोजलं. तेही ३०१. उत्तर एकच आल्यावर वर्ग उठायला लागला, तेव्हा मी म्हटलं, उत्तर पुसून टाका आणि कसं मोजलं तेवढंच ठेवा. १ + ३ × १००. ४ + ३ × ९९. १०० + १०० + १०१. ही तीन वाक्यं एकमेकांशी ‘तेवढंच’ आहेत का, आणि शंभराच्या जागी दुसरा कुठलाही आकडा आला तरी राहतील का? दुसऱ्या वाक्यात ९९ कुठून आले, हे विचारल्यावर एकीने सांगितलं, “शंभरातला एक कमी.” मग आम्ही ते ४ + ३ × (१०० − १) असं लिहिलं. अक्षर अजून आलं नव्हतं, पण त्याच्यासाठी जागा झाली होती.

अक्षर आणताना एक गोष्ट मी जाणीवपूर्वक टाळली. आधीच्या वर्षी मी शिकवलं होतं, आ म्हणजे आंबे, के म्हणजे केळी, तीन आंबे आणि दोन केळी एकत्र होत नाहीत. त्या क्षणी मुलांना पटतं. नंतर आंबे गुणिले केळी आले की सगळं कोसळतं, आणि त्याहून वाईट म्हणजे अक्षर ही वस्तू आहे असं डोक्यात बसतं. या वर्षी मी वर्गातलंच विचारलं. प्रत्येक बाकावर दोन मुलं बसतात. बाकांची संख्या ब, मुलांची संख्या म. वाक्य लिहा. जवळजवळ सगळ्यांनी लिहिलं, ब = २म. एक बाक म्हणजे दोन मुलं, असं त्यांनी वाचलं. मी म्हटलं, वर्गात १५ बाक आहेत, घाला किंमत. पंधरा म्हणजे दोन गुणिले म, मग म साडेसात. साडेसात मुलं! वर्ग हसला आणि लगेच गप्प झाला. ब हा बाक नाही, बाक किती ती संख्या आहे, हे त्या शांततेत त्यांचं त्यांना समजलं. म = २ब.

हिवाळ्यात सहल पाटणादेवीला गेली. चाळीसगावजवळच्या या पाटणच्या मंदिरात तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ सुरू केला, त्याला मिळालेल्या दानाचा तो लेख. भास्कराचार्यांचा जन्म १११४ सालचा. त्यांच्या ‘बीजगणित’ या ग्रंथात अज्ञात राशीला ‘यावत्तावत्’ म्हटलं आहे, थोडक्यात ‘या’. एकापेक्षा जास्त अज्ञात असतील तर रंगांची नावं, कालक, नीलक, पीतक. नुसत्या संख्येला ‘रू’. आपलं ३क्ष + ५ त्यांच्या पद्धतीने ‘या ३ रू ५’ असं लिहिलं जाईल. मी हे मंदिराच्या पायऱ्यांवर बसून मुलांना वहीत लिहून दाखवलं. अधिकचं चिन्हच नाही! दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या आहेत, आणि त्यांची बेरीज म्हणजे त्या दोघी तशाच. आठ करायचा मोह व्हायला मधे काही नाहीच.

यावत्तावत् म्हणजे काय, असं एकाने विचारलं. मी म्हटलं, जेवढं असेल तेवढं. शेजारची मुलगी लगेच तिच्या भाषेत म्हणाली, “जितला व्हई तितला.”

‘माहीत नाही तर लिहायचं कशाला?’ असं आधीच्या वर्षी विचारणाऱ्या त्या मुलाला द्यायचं उत्तर मला तिथे मिळालं. तो तोवर आठवीत गेला होता. सहलीहून परतल्यावर मी त्याला मधल्या सुट्टीत बोलावून सांगितलं. त्याने विचार केला आणि म्हणाला, “मग तसं लिहायचं होतं ना मॅडम.”

समीकरणांचा पाठ पुढे चार दिवसांत झाला. वेगळं शिकवावं असं त्यात फार थोडं उरलं होतं. यंदा तीच मुलं सातवीत माझ्याकडे आहेत. जुलैमध्ये मी तोच प्रश्न घातला, ३क्ष + ५, क्ष = २. बहुतेकांचे ११ आले. पाच जणांनी अजून ८क्ष केलं आहे. त्यांतली तिघं सहावीत कापूस वेचणीच्या दिवसांत दोन-अडीच महिने शाळेत नव्हती, काड्या आणि तराजू दोन्ही त्यांचे हुकले. त्यांना मी रोज मधल्या सुट्टीत पुन्हा ‘खरं की खोटं’ पासून घेते आहे, पुस्तकापासून नाही.

अपूर्णांकांचं मात्र माझं समाधान झालेलं नाही. ३ भागिले ४ ही एक संख्या आहे, सोडवायचं राहिलेलं गणित नाही, हे मुलांना अजून मनापासून मान्य नाही, आणि ते नसेल तर तीन चतुर्थांश क्ष पुढे सरकत नाही. उद्या सुतळी घेऊन जाणार आहे. प्रत्येक गटाला एकेक तुकडा देणार, लांबी न सांगता. चार पदरी घडी घालायची, तीन पदर मोजायचे, ते ६० सेंटिमीटर भरतात. पूर्ण सुतळी न मोजता सांगा किती. एका मुलाचे आजोबा अजून पाऊणकी, म्हणजे पाऊणपटीचा पाढा, तोंडपाठ म्हणतात असं कळलं आहे. त्यांनाही अर्धा तास वर्गात यायला सांगितलं आहे.